रत्नागिरी: माघात की चैत्रात?

रत्नागिरीला थंडी सरताना जावं की आंबा उतरल्यावर, याचा निकाल बरेच जण तापमानाच्या आकड्यावर लावतात. घोळ तिथेच होतो. फेब्रुवारीत दुपारी साधारण ३१-३२ अंश, एप्रिलमध्येही जवळपास तेवढेच. पण फेब्रुवारीत पहाटे पारा १८-२० पर्यंत उतरतो, चादर ओढावी लागते. एप्रिलमध्ये रात्रीही २४-२५ च्या खाली जात नाही, आणि घाम वाळायचं नाव घेत नाही.

फसवा महिना मार्च. समुद्रावरून येणारा खारा वारा वेळेवर, म्हणजे अकराच्या आसपास सुटला, तर किनारा निवतो. पण फेब्रुवारीअखेरीपासून मधूनच पूर्वेचा वारा जोर धरतो. देशावरची कोरडी हवा सह्याद्री उतरताना आणखी तापते आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरते. मग पारा ३७-३८ ला टेकतो. अशा दिवशी रत्नदुर्ग साडेनऊच्या आत उरकावा. मांडवीची काळी वाळू तर संध्याकाळपर्यंत अनवाणी पायांना भाजते. एप्रिलमध्ये जमीन चांगली तापलेली असते, त्यामुळे खारा वारा लवकर येतो; त्रास उन्हापेक्षा दमटपणाचा.

तरीही मार्चला माफी आहे, ती शिमग्यामुळे. ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी बाहेर पडते तेव्हा शहराचा नूरच पालटतो. मात्र चाकरमानी त्याच आठवड्यात गावी निघतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ते पहिल्याच सकाळी बघावं. स्टेशन कुवारबावला, शहराबाहेर आहे. रिक्षाचा खर्च धरूनच चालावं.

समुद्राला मात्र ऋतूशी देणंघेणं नाही, तो तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. ऐन सूर्यास्ताला भाट्याची पुळण आखूड झालेली असते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून संध्याकाळी सहाला पाणी पार मागे गेलेलं आणि चालायला लांबरुंद ओली वाळू. हॉटेलची तारीख ठरवण्याआधी कालनिर्णयाचं पान उलटणं फायद्याचं, ते यासाठी.

खाण्याचा हिशेब महिन्यागणिक बदलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर येतात. सोलताना हात चिकाने काळे पडतात, भावही त्या कष्टाचाच असतो. उसळ मिळाली तर सोडू नये. सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरेही याच दिवसांत. रातांबे (कोकमाची फळं) आणि करवंदं बघायला एप्रिल उजाडावा लागतो. माशांची चिंता दोन्ही वेळा नाही, मासेमारीची बंदी जूनमध्ये सुरू होते.

राहिला हापूस. मोहर फुलल्यापासून फळ तयार व्हायला साडेतीन-चार महिने लागतात. फेब्रुवारीत दिसणारी पेटी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मोहराची, म्हणून थोडी आणि महाग. डिसेंबर-जानेवारीचा मोहर एप्रिल-मेमध्ये हाती येतो. थंडी लांबली की फळ धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहर येतो, आधीची कैरी गळते आणि हंगाम आणखी पुढे सरकतो. म्हणून आंब्यासाठी जायचं असेल तर १५ एप्रिलच्या आधी जाऊ नये. फिरण्यासाठी माझं मत सरळ फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याला. दोन्ही एका फेरीत साधू बघणारे मार्चअखेर जातात आणि घामही काढतात, पैसेही.

पेटी घेताना डझन विचारावेत. फळाच्या आकाराप्रमाणे चार ते आठ डझन बसतात. देठाशी खळगा पडून खांदे वर आलेलं फळ तयार समजावं. शंका आली तर बादलीत सोडावं: तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. बागायतदार सोळापैकी चौदा आणे तयार झाल्यावर आंबा उतरवतात, कारण झाडावर फार थांबला तर आत साका (गरातला पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग) धरण्याची भीती वाढते. असा कडक आंबा पेंढ्यात आठवडाभरात पिकतो. प्रवासात पेटी गाडीच्या बंद डिकीत उन्हात ठेवू नये, आणि घरी पोचल्यावर पिकेपर्यंत फ्रिजमध्ये तर नाहीच. साका मात्र बाहेरून दिसत नाही, बादलीतही कळत नाही, तो कापल्यावरच.