सिमेट्रीच्या रकान्यात ११ लिहिलं आणि दीड महिना गेला

क्रायो-ईएम म्हणजे गोठवलेल्या प्रथिनाचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने फोटो काढून त्याचा आकार शोधणं. प्रथिन बनवणं, शुद्ध करणं, ते ग्रिडवर (बारीक जाळीच्या चकतीवर) ठेवून द्रवरूप इथेनमध्ये गोठवणं, सगळं बऱ्यापैकी पार पडलं. मायक्रोस्कोपचा नंबर लागायला वेळ गेला, पण तो सगळ्यांचाच जातो. माझं घोडं अडलं ते सॉफ्टवेअरमधल्या एका रकान्यापाशी: सिमेट्री, म्हणजे प्रथिनात तोच तुकडा गोलाकार किती वेळा येतो.

माझं प्रथिन कॅल्हम-४, मोठ्या छिद्रांच्या चॅनलांच्या, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या दारांच्या, घराण्यातलं. त्याचे भाऊबंद कॅल्हम-१ आणि ३ मिळून चवीच्या पेशींतून एटीपीएवढा (पेशीचं ऊर्जेचं चलन) मोठा रेणू बाहेर सोडतात. सबयुनिट, म्हणजे चॅनलचे सारखे तुकडे, गोल रिंगण करून उभे राहतात, मधे छिद्र. रिंगणात किती, ते ठरलेलं नाही: कनेक्सिन या दुसऱ्या चॅनलचे सहा, कॅल्हम-१चे आठ, कॅल्हम-२चे अकरा. मी कॅल्हम-२कडे बघून ११ लिहिलं आणि मोकळी झाले.

मॅप, म्हणजे सगळ्या फोटोंतून जुळवलेला थ्री-डी आकार, आला तो लगदा. हेलिक्स (प्रथिनाच्या साखळीची वेटोळी) एकमेकांत वितळलेल्या, साइड चेनचा (साखळीतून बाहेर आलेल्या बारीक फांद्यांचा) पत्ता नाही. छिद्राच्या मधोमध मात्र ठसठशीत गोळा. लिपिड (चरबीचा रेणू) सापडलं म्हणून मी हरखले! चुकीची सिमेट्री लादली की कचरा नेमका अक्षावर साचतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मास्क (मॅपचा कोणता भाग धरायचा ते ठरवणारे साचे) बदलले, पार्टिकल (फोटोतले प्रथिनाचे सुटे ठिपके) पुन्हा निवडले, बर्फाला शिव्या घातल्या. रिझोल्युशनचा (किती बारीक दिसतं त्याचा) आकडा बरा येत होता, तोच नडला.

शेवटी वैतागून वरून दिसणाऱ्या टू-डी क्लासचे (सारख्या पार्टिकलांच्या सरासरी चित्रांचे) प्रिंट काढले आणि पाकळीपाकळीवर पेन्सिलीने टिंब देत मोजलं. पहिल्यात अकरा. दुसऱ्यात दहा. पुन्हा मोजलं. दहाच.

एकाच नमुन्यात दोन मापांची रिंगणं. हे २०२०मध्येच छापून आलं होतं. मी त्यातली चित्रं तेवढी पाहिली होती. पॅनेक्सिन या आणखी एका चॅनलचेही वर्षानुवर्षं सहाच धरले जायचे, त्याच वर्षी सात निघाले. तेव्हा पहिली फेरी सिमेट्री न लावताच चालवा. जास्त वेळ लागतो, लागू दे. माझ्या पार्टिकलांचे तसे दोन ढीग पडले, मग दहाला दहाची आणि अकराला अकराची सिमेट्री लावली. दोन दिवसांत साइड चेन दिसल्या.

हे आधी सांगायला हवं होतं: पार्टिकल सगळे उताणे-पालथेच पडत असतील तर गोठवायच्या ऐन आधी थोडं फ्लोरिनेटेड डिटर्जंट (फ्लोरिन असलेलं साबणासारखं रसायन) घालून बघा. माझे आडवे पार्टिकल त्यानेच वाढले. पण वरून दिसणारे थोडे राहू द्या, मोजायला तेच लागतात.

अकराच्या मॅपमध्ये छिद्रात अजूनही काहीतरी धूसर आहे. लिपिड असेल, डिटर्जंटही असेल. तिथे मी एकही अणू बसवलेला नाही.