आयोडीन थेरपी: माझा अनुभव (आणि डिस्चार्जचा एक दिवस)

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर मला १०० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, दिलं, उरलेल्या थायरॉइड पेशी मारायला. कॅप्सूल गिळायला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मिळायचा तो डिस्चार्ज मिळाला नाही, आणि ज्या कारणाने मिळाला नाही ते मला अजून खुपतं. रुग्णालय मुंबईतलंच; नाव देत नाही.

आधी अर्धायुष्याचं, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळाचं. ॲडमिशनच्या वेळी हातात दिलेल्या कागदावर एकच ओळ होती: ‘हाफ लाइफ ८ दिवस’. घरच्यांनी लगेच हिशोब मांडला, ८ दिवसांनी ५०, १६ दिवसांनी २५, म्हणजे हिला महिनाभर घरी आणायचं नाही. हे ८ दिवस बाटलीतल्या आयोडीनचे, म्हणजे भौतिक अर्धायुष्य. शरीरातलं आयोडीन लघवीवाटे बाहेरही पडत असतं, त्या वेगाला जैविक अर्धायुष्य म्हणतात. दोन्ही मिळून जे होतं ते प्रभावी अर्धायुष्य: १ भागिले प्रभावी = १ भागिले भौतिक + १ भागिले जैविक. ग्रंथी शाबूत असेल तर ती आयोडीन आठवडेच्या आठवडे धरून ठेवते, मग प्रभावी आकडा ७ दिवसांच्या आसपास राहतो. ग्रंथी काढलेली असेल तर धरून ठेवायला फारसं कुणी नसतं, आणि बहुतेक आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांतच बाहेर जातं. ही दुसरी ओळ कागदावर छापायला काय हरकत होती?

आता तो डिस्चार्ज. आपल्याकडे ३० मिलिक्युरीच्या वर डोस असला की वेगळ्या खोलीत ठेवतात आणि अंगातून १ मीटरवर पोचणारा किरणोत्सार ताशी ५० मायक्रोसिव्हर्टच्या (त्याचं एकक) खाली आला की सोडतात. माझे आकडे असे: डोसनंतर लगेच १८०, दुसऱ्या दिवशी सकाळी ९९, तिसऱ्या दिवशी सकाळी ५४. म्हणजे माझं प्रभावी अर्धायुष्य साधारण २८ तास. बरेच जण याच्या निम्म्या वेळात सुटतात. मी रेंगाळले, कारण चार आठवडे थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) गोळी बंद होती. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ३० च्या वर न्यायला तसं करतात, त्याशिवाय उरलेल्या पेशी आयोडीन नीट ओढत नाहीत. पण थायरॉक्सिन नसलं की मूत्रपिंडंही मंदावतात आणि पोटही साफ होत नाही. त्यात मी दिवसाला जेमतेम दीड लिटर पाणी प्यायले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दारावर टकटक झाली. मी झोपेतून उठून तशीच पिवळ्या पट्टीवर जाऊन उभी राहिले. मोजायला आलेल्यांनी पोटासमोर १ मीटरवर सर्व्हे मीटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) धरला, ५४ लिहिलं आणि सांगितलं, “पुढचं रीडिंग उद्या.” मी रात्री साडेअकरानंतर बाथरूमला गेले नव्हते. सात तास! माझ्या वेगाने सात तासांत अंगातलं साधारण १४ टक्के आयोडीन मूत्राशयात येऊन थांबलं होतं, आणि मीटर नेमका त्याच्याच समोर धरलेला. बाथरूमला जाऊन आले असते तर तोच आकडा ४६-४७ आला असता. मी इंटरकॉमवरून दोनदा सांगितलं, पुन्हा मोजा म्हणून. “रीडिंग दिवसातून एकदाच होतं,” एवढंच उत्तर मिळालं.

एका दिवसाचं बिल वाढलं, तेही सोडा. माझ्यानंतर त्या खोलीत येणाऱ्या बाईंची तारीख सरकली. डोस तारखेच्या हिशोबाने मागवलेला असतो. एक दिवस पडून राहिला की १०० चे साधारण ९२ होतात. दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचलाच बाथरूमला गेले, आंघोळ केली, धुतलेला गाऊन घातला आणि रीडिंगच्या आधी पुन्हा एकदा जाऊन आले. आकडा आला २६.

तेव्हा ॲडमिशनलाच विचारून घ्या, रीडिंग किती वाजता आणि दिवसातून किती वेळा. मोजायच्या पाच मिनिटं आधी लघवीला जाऊन या, कपडे बदला. गाऊनवरचा घामसुद्धा मोजला जातो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर अडीच-तीन लिटर पाणी प्या आणि रात्री दोनदा गजर लावून उठा. पोट साफ होण्याचं औषध आत जायच्या आधीच मागून घ्या. फ्लश दोनदा करायचा. ते पाणी थेट गटारात जात नाही, वेगळ्या टाक्यांमध्ये साठवून किरणोत्सार ओसरल्यावरच सोडतात. लाळग्रंथीही आयोडीन ओढतात, म्हणून आंबट गोळ्या न्या. कधी सुरू करायच्या ते डॉक्टर सांगतील.

घरी जाताना लोकल नको. टॅक्सीत मागे, ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला बसा. आयोडीनचे बीटा कण पेशींमध्ये फार तर दोनेक मिलिमीटर जातात, तिथल्या पेशींचा डीएनए तोडतात, औषध म्हणून काम करतात ते हेच. बाहेर येतात ते गॅमा किरण, आणि अंतर दुप्पट केलं की ते चौथाईवर येतात. १ मीटरवर २६ असेल तर २ मीटरवर साडेसहा, पण अर्ध्या मीटरवर शंभरच्या वर. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी खिडकीपाशी आणि बाकीचे दाराशी, एवढ्यानेही फरक पडला. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या बाबतीत मात्र अंतरावर भागवू नका, त्यांना काही दिवस दुसरीकडेच पाठवा. मुलांची थायरॉइड इवलीशी आणि वाढती. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर दुधातून आयोडीन-१३१ गेलं आणि कॅन्सर झाले ते मुख्यतः मुलांनाच. गर्भाची ग्रंथीही तिसऱ्या महिन्यापासून आयोडीन ओढू लागते. अंगावर पाजत असाल तर ते कित्येक आठवडे आधी बंद करावं लागतं, म्हणून ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा.

पथ्याचं राहिलंच. दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, मासे, दूध, अंड्याचा बलक बंद. बाहेरचा वडापाव आणि फरसाणही, कारण मीठ कुठलं ते कळत नाही. सैंधवाच्या पाकिटावरही ‘आयोडाइज्ड’ लिहिलंय का बघा. आणि डाय टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर सांगाच, त्या डायमध्ये आयोडीन असतं आणि मग थेरपी दीड-दोन महिने पुढे जाते.

खोलीत जुनी रबरी चप्पल न्या, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून वापरा. माझी चप्पल मीटरवर वाजली, ती त्यांनी ठेवून घेतली. चपलेतून लघवीवाटे काही जात नाही, तिथे खरोखरच ८ दिवसांचं गणित: दहा अर्धायुष्यं, ८० दिवस, मग हजारावा हिस्सा उरतो. त्यानंतर फोन करून आणली.