तुम्ही विचारलंत म्हणून: ‘खरंच असं दिसत होतं का?’

कोल्हापूरचा रंकाळा असो, पन्हाळा असो की मसाई पठार, मी काढलेला फोटो दाखवला की पहिला प्रश्न हाच, खरंच असं होतं की एडिट केलंय? दहा वर्षं ऐकतोय आणि खरं सांगतो, राग येतो.

शालिनी पॅलेसमागं सूर्य जाताना रंकाळ्यावर उभं राहून तुम्हाला आकाशही दिसतं आणि पॅलेसही दिसतो ना? कॅमेऱ्याला एका फ्रेममध्ये ते झेपत नाही, आकाश धरलं तर पॅलेस काळाठिक्कर आणि पॅलेस धरला तर आकाश पांढरंफट, म्हणून ट्रायपॉडवर तीन फ्रेम घ्यायच्या, दोन-दोन स्टॉपच्या फरकानं, म्हणजे प्रत्येकीत आधीच्या चौपट उजेड, आणि घरी येऊन त्या मिसळायच्या. एचडीआर, हाय डायनॅमिक रेंज म्हणतात ते एवढंच. गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच फोटोग्राफर 1850 च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी जोडून प्रिंट काढायचा, तेच आकाश पुन्हा दुसऱ्या समुद्रावर लावायचा! मी तर बाहेरचं काहीच आणत नाही, सगळा उजेड तिथलाच.

हे मी 2019 पर्यंत छातीठोकपणे सांगायचो.

त्या ऑगस्टच्या पुरात आंबेवाडीची आत्या अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडं आलेली. पाऊस जरा उघडला तसा मी शुक्रवार पेठेतल्या मित्राच्या गच्चीवर गेलो, समोर पंचगंगेचं पाणी, मधूनच वर आलेली छपरं, आणि ढग फाटून पाच मिनिटं सूर्य. शटर 1/250, 1/60, 1/15 सेकंद, काळी ते उजळ अशा तीन फ्रेम. रात्री मिसळायला बसलो तर वाहतं पाणी तिन्हीत वेगळं, त्यामुळं ओंडके दुहेरी, भुतासारखे दिसायला लागले. अशा वेळी पाण्यासाठी एकच फ्रेम घ्यायची असते. उजळ फ्रेममध्ये पाणी लालसर गढूळ, त्यात ड्रम, कडब्याच्या पेंढ्या, फेस, सगळं दिसत होतं. काळ्या फ्रेममध्ये तेच पाणी नुसतं सोनं. मी काळी घेतली.

आत्या मागं येऊन कधी उभी राहिली कळलंच नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यात घाण कुठं हाय रं? आमच्या दारात असलं पानी न्हवतं."

मी तिला शटर स्पीड समजावून सांगायला लागलो. त्या बाईला, तेव्हा! आजही आठवलं की अंगावर काटा येतो. ती काही न बोलता आत गेली.

टेक्निकली माझं चुकलं नव्हतं, हे मी अजून म्हणतो, ती फ्रेम खरी होती. पण उजळ फ्रेमही तितकीच खरी होती, आणि निवडताना मी फक्त सुंदर काय दिसतं तेवढंच बघितलं. मग काय, पूर सुंदर दिसूच नये? त्या पाच मिनिटांत तो दिसत होता, मी डोळ्यांनी बघितलाय. आणि रंकाळ्याचा पॅलेस मी उद्याही असाच उजळणार, त्यात मला काडीची शंका नाही.

पुराच्या फोटोचं दुसरं व्हर्जन नंतर केलं, गढूळ पाण्याचं. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये आहेत. कुठलं खरं विचारलंत तर मी दोन्ही उघडून दाखवीन, पण आत्याला दुसरं दाखवायला अजून धीर झालेला नाही.