बँकॉकच्या मॉलमध्ये भाव करायचा का?

बँकॉकला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "एवढ्या चकचकीत मॉलमध्ये भाव केला तर चालतो का? हसणार नाहीत ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: समोर मालक उभा आहे की पगारी माणूस, ते आधी बघा. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

सियाम पॅरागॉन किंवा सेंट्रलवर्ल्डमधली विक्रेती बारकोडवरची किंमत एका बाटनेही कमी करू शकत नाही, त्यामुळे तिथे घासाघीस करून तिला अवघडवू नये. अशा ठिकाणी माहिती कक्षात पासपोर्ट दाखवून पर्यटकांसाठीचं सवलत कार्ड मिळतं का, एवढं विचारावं.

एमबीके सेंटरची गोष्ट वेगळी. स्कायट्रेन या शहरी रेल्वेच्या नॅशनल स्टेडियम स्टेशनवरून पुलाने थेट आत जाता येतं. 1985 मध्ये सुरू झालेली ही आठ मजली इमारत बाहेरून मॉल दिसते, पण आत भाड्याने दिलेल्या छोट्या गाळ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. पिशव्या, टी-शर्ट, भेटवस्तू यांच्या गाळ्यांवर भाव होतो. साखळी दुकानांत होत नाही. वस्तूवर छापील किंमत नसेल आणि गाळेवाल्याने कॅल्क्युलेटर पुढे केला, तर तो बोलणी करायला तयार आहे असं समजा.

त्याआधी एकाच वस्तूचा भाव तीन-चार गाळ्यांवर नुसता विचारून घ्या. गाळ्याचा क्रमांक आणि मजला लिहून ठेवा किंवा फोटो काढा. नाहीतर स्वस्तातला गाळा पुन्हा सापडत नाही. मग जिथे घ्यायचंय तिथे सांगितलेल्या किमतीच्या साठ टक्क्यांच्या आसपास सुरुवात करा. सत्तर ते ऐंशीच्या मध्ये जमलं तर घेऊन मोकळं व्हा. निम्म्याच्या खाली मागितलं की बहुतेक गाळेवाले कॅल्क्युलेटर परत घेतात. "लोत दाय माय?", म्हणजे कमी होईल का, एवढं हसून विचारायला शिका. आवाज चढवलात, वस्तूला नावं ठेवलीत, तर थाई माणूस भांडणार नाही. हसेल, पण किंमत तिथेच राहील. आणि आपण म्हटलेला आकडा त्याने मान्य केला की वस्तू घ्यायची. तेव्हा पाय काढणं तिथे फार वाईट दिसतं.

सकाळी दुकान उघडताच गेलात तर भवानीचा फायदा मिळतो. पहिल्या विक्रीची नोट मालावर फिरवायची पद्धत तिथेही आहे, आणि ते पहिलं गिऱ्हाईक सहसा परत पाठवत नाहीत.

चौथ्या मजल्यावर मोबाईलची गर्दी असते. तिथे किमतीपेक्षा फोन तपासण्यात वेळ घालवा. *#06# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, आधीच्या मालकाचं खातं फोनमध्ये अडकलेलं नाही ना, आणि 'नवा' म्हणून दिलेला फोन दुरुस्त करून परत बांधलेला तर नाही, हे पैसे देण्याआधी बघायचं. नंतर कोणी दाद देत नाही.

कपड्यांसाठी प्रातुनाम भागातला प्लॅटिनम फॅशन मॉल. इथे हिशोब नगांवर चालतो. पाटीवर बहुधा दोन आकडे असतात: मोठा एका नगाचा, लहान तीन किंवा जास्त नगांचा. घाऊक भाव आधीच उतरवलेला असतो, त्यामुळे यापुढे नगामागे दहा-वीस बाट सुटले तरी पुष्कळ. विचारायचं ते वेगळंच: तीन नगांत रंग, माप, डिझाइन मिसळून चालेल का? काही गाळे हो म्हणतात, काहींना एकाच डिझाइनचे तीन हवे असतात. मैत्रिणींनी मिळून घेतलं तर हा नियम सहज पाळता येतो. अंगात घालून बघायला बहुतेक ठिकाणी मनाई, आणि 'फ्री साइज' आपल्याकडच्या मध्यम बांध्यालाही घट्ट होऊ शकतं. म्हणून मोजपट्टी न्या आणि नीट बसणाऱ्या कुर्त्याची छाती-कंबर आधीच मोजून ठेवा. बदलून मिळेल ही आशा नको.

गाळ्यांवर रोख चालते. कार्डावर काही जण तीनेक टक्के जास्त लावतात, म्हणजे मिळवलेली सूट तिथेच गेली. मशीनने 'रुपये की बाट' विचारलं तर बाट निवडा. रुपयांचा दर तुमच्या बँकेचा नसतो, आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो.

व्हॅट परताव्याबद्दल, म्हणजे पर्यटकाला खरेदीवरचा कर परत मिळतो त्याबद्दल, थोडक्यात. कर 7 टक्के, पण शुल्क कापून हातात त्याहून कमी येतं. परताव्याची पाटी असलेल्या एकाच दुकानात एका दिवसात किमान 2,000 बाटची खरेदी लागते. पासपोर्ट दाखवून फॉर्म त्याच दिवशी घ्यायचा; दुसऱ्या दिवशी मिळत नाही. छोटे गाळे हा फॉर्म देत नाहीत, त्यामुळे तीच वस्तू गाळ्यावर वीस टक्के कमी भावात मिळत असेल तर परताव्याचा नाद सोडा. मोठी खरेदी असेल तर विमानतळावर चेक-इनच्या आधी कस्टम्सला माल दाखवावा लागतो. बॅग आत गेल्यावर फॉर्म हातात घेऊन धावण्यात अर्थ नाही.

भेटवस्तूंच्या गाळ्यावर बुद्धमूर्ती आवडली, तर भाव ठरवण्याआधी थांबा. मूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो, आणि गाळेवाला तो आपणहून सांगेलच असं नाही.