पुलावरची रेघ

शनिवार, रात्री सव्वाअकरा

पाऊस सकाळपासून थांबायचं नाव घेत नाही. संध्याकाळी दोनदा लायट गेली, दोनदा आली, आणि तिसऱ्यांदा जायच्या आत लेकीनं लॅपटॉप टीव्हीला जोडून टाकला. पुण्याहून आठ दिवसांसाठी आलीय आणि आल्यापासून एकच धोशा, ‘आई, ही मालिका तू बघच.’ मालिका स्वीडन आणि डेन्मार्कनं मिळून केलेली, ‘द ब्रिज’, २०११ची. पहिला भाग पाहून झालाय. बाकीची मंडळी झोपली. मला झोप नाही, म्हणून वही काढली.

सुरुवातच पुलावर होते. स्वीडनमधलं मालमो आणि डेन्मार्कमधलं कोपनहेगन यांना जोडणारा ओरेसुंडचा पूल. २००० साली खुला झालेला, जवळजवळ ८ किलोमीटर लांब. रात्री पुलावरचे दिवे एकाएकी जातात. (‘थंय पण लायट वता?’ इति सासूबाई. तेवढ्यावरच त्यांना मालिका आवडली.) दिवे परत येतात तेव्हा दोन देशांच्या सीमारेषेवर, बरोब्बर मधोमध, एका बाईचं प्रेत. कमरेच्या वर स्वीडन, खाली डेन्मार्क. दोन्हीकडचे पोलीस येतात. उचलायला जातात तर प्रेताचे दोन तुकडे होतात. वरचा भाग एकीचा, खालचा दुसरीचा. वरची स्वीडनमधली राजकारणातली मोठी बाई. खालची डेन्मार्कमधली, वेश्याव्यवसायातली, जिच्या नाहीशा होण्याची कुणी फारशी दखलही घेतली नव्हती.

हे पाहून आमच्या ह्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो, ‘पंचनामा कोण करणार?’ मामलेदार कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

पण पेडण्याच्या माणसाला हद्द समजावून सांगावी लागत नाही. तेरेखोल नदी ही आमची रेघ. अलीकडे गोवा, पलीकडे सिंधुदुर्ग. तीही धड सरळ नाही. तेरेखोलचा किल्ला नि गाव नदीच्या पलीकडे असून गोव्यात. १७४६ साली पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून किल्ला घेतला, तो हिशेब अजून तसाच आहे. माझं माहेर आरोंद्याचं, किरणपाणीचा पूल ओलांडला की आलंच. पलीकडची माणसं दुखणं वाढलं की बांबोळीच्या इस्पितळात येतात, आम्ही लग्नाकार्याला तिकडे जातो. २०२०च्या टाळेबंदीत मात्र ही रेघ अचानक खरी झाली. भावानं हापूसची पेटी पुलाच्या त्या टोकाला आणली, मी ह्या टोकाला उभी. शेवटी बंदोबस्तावरच्या शिपायानं ती उचलून मधोमध नेऊन ठेवली नि म्हणाला, ‘आता तुमची तुम्ही न्या.’ आज ते प्रेत बघताना मला आधी ती पेटी आठवली. काय डोकं चालतं माणसाचं.

तर ती जोडी. स्वीडनकडून सागा नोरेन, डेन्मार्ककडून मार्टिन रोडे. ती आपल्या भाषेत बोलते, तो आपल्या, आणि दोघांचं निभतं. हे मला फार ओळखीचं वाटलं. आमच्या घरात सासूबाई कोंकणी, मी माहेरची मालवणी, कागदावर मराठी, आणि लेक भांडायला लागली की इंग्रजी.

सागा म्हणजे नियमाची पाटीच. बोलताना आडपडदा नाही, समोरच्याला बरं वाटावं म्हणून हसणं नाही. तिच्या ह्या स्वभावाला मालिकेत कुणी नाव देत नाही, ते मला आवडलं. मार्टिन लघळ, पाघळणारा, तीन बायकांपासून पाच मुलं. त्याची नुकतीच नसबंदी झालेली आहे, त्यामुळे पहिल्या भागात तो जरा फाकूनच चालतो. ह्या मुद्द्याशी आमच्याकडे सासूबाईंना पाणी हवं झालं, ह्यांना खिडकी लावायची आठवण झाली, आणि लेक उशीत तोंड घालून हसली.

खरा प्रसंग पुढे आहे. पूल दोन्हीकडून बंद केलाय, आणि एक रुग्णवाहिका येते. आत हृदयाचा रुग्ण, नवीन हृदय बसवायला न्यायचाय, सोबत त्याची बायको गयावया करतेय. सागा नाही म्हणते. गुन्ह्याची जागा आहे, चाकाखाली पुरावा जाईल. मार्टिन क्षणभर बघतो आणि गाडी सोडून देतो. कुठलीही बाई, बुवा, आजी हेच करील. मग सागा त्याला शांतपणे सांगते की मी तुझी तक्रार करणार. राग नाही, आवाज चढवणं नाही. पाऊस पडतोय म्हटल्यासारखं.

‘हिका कळना काय गो?’ सासूबाई म्हणाल्या.

आणि लेक माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आई, ही तूच.’

सगळे हसले. मीही हसले. आता बसलेय.


रविवार, दुपारी

सकाळी नळाला पाणी नव्हतं आणि अंगणात गुडघाभर होतं. असो.

लेकीला ह्या जोड्यांचं वेड लहानपणापासून. सोनीवर ‘सी.आय.डी.’ लागायचं तेव्हा जेवणाची ताटं त्या वेळेला बांधलेली. १९९८ला सुरू झालेली ती मालिका वीस वर्षं चालली, म्हणजे लेकीचं अख्खं बालपण नि कॉलेज. दया दार तोडणार, अभिजीत संशयिताला कोपऱ्यात घेणार, एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवत विचार करणार. तिला दया-अभिजीत आवडायचे. भावाभावांसारखे, एकमेकांसाठी जीव टाकणारे. शेजारच्या आंटीला फ्रेडी आवडायचा, कारण नाव फ्रेडरिक्स, म्हणजे आपलाच कुणीतरी. ते काम करणारे दिनेश फडणीस २०२३च्या डिसेंबरात गेले तेव्हा आंटीनं मला वाट अडवून बातमी सांगितली होती.

मला मात्र त्यातली एकच जोडी खरी वाटायची. एसीपी आणि डॉक्टर साळुंखे. एक मेलेल्या माणसाची घाई करणार, दुसरा ‘मी काय जादूगार आहे?’ ह्या थाटात उखडणार. शिवाजी साटम आणि नरेंद्र गुप्ता त्या प्रयोगशाळेत असे भांडायचे की जुना संसार वाटावा. गुन्हा कुणी केला ते विसरायला व्हायचं, त्यांचं भांडण लक्षात राहायचं. दया-अभिजीतला एकमेकांचं सगळं पटतं. पटतंय तोवर जोडी काय, कुणाशीही जमते.

हे मी लेकीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग पुढचं सांगू का सागाचं?’ सांग म्हटलं. मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारी बाई, मला कसला रहस्यभंग.

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या पर्वाच्या शेवटी मार्टिनचा मुलगा मारला जातो. मारणारा त्याचाच जुना सहकारी, तुरुंगात जातो. दुसऱ्या पर्वात मार्टिन आणि सागा पुन्हा एकत्र येतात, आता तो तिचा एकुलता एक मित्र आहे. आणि तुरुंगातला तो माणूस विष पोटात जाऊन मरतो. सागाला कळतं हे कुणी केलं. ती पोलिसांना सांगते. मार्टिनला नेताना ती उभी राहून रडते, पण सांगितलेलं मागे घेत नाही. तिसऱ्या पर्वात मार्टिन नाहीच.

म्हणजे पुलावर रुग्णवाहिका सोडल्याबद्दल जिनं तक्रारीची भाषा केली, तिनंच शेवटी खुनाचं नाव घेतलं. मधल्या वीस भागांत ती त्याच्या घरी जेवली, त्याच्याकडून थोडंफार माणसांत वागायला शिकली, त्याच्यासाठी रडायला शिकली. एवढी एक गोष्ट तेवढी शिकली नाही. ती शिकली असती तर त्याला ती आवडली असती का, कोण जाणे.

आता ते लिहितेच, नाहीतर आज रात्रीही झोप नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीची परीक्षा, एका वर्गावर आम्ही दोघी. मी आणि आमची ड्रॉइंग टीचर. आमची दोघींची जोडी सगळ्या शाळेत ठरलेली. ती उंच, हसरी, पदराला कायम पोस्टर कलरचा डाग. मी ही अशी. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला की कुणाला आत घ्यायचं नाही, हा नियम. चाळीस मिनिटं झाली आणि दारात एक मुलगा. तेरेखोलचा. गुडघ्यापर्यंत ओला, हातात चपला, तोंडातून शब्द फुटेना. ओहोटीला फेरीबोट वाळूत रुतली होती. नदीपलीकडचा गोवा म्हणजे काय ते त्या दिवशी त्या मुलाच्या पोटऱ्यांवर चिखल होऊन दिसत होतं.

मी घड्याळ दाखवलं. ड्रॉइंग टीचरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हातातल्या चपला घेतल्या, दाराबाहेर ठेवल्या, त्याला बाकावर बसवला, पेपर दिला. स्वतःचा रुमाल दिला. म्हणाली, ‘आधी हात पूस, शाई फुटेल.’

दुपारी रिपोर्ट लिहायला मी बसले. आलेल्या वेळेच्या रकान्यात मी खरी वेळ लिहिली. दहा मिनिटं कमी लिहिता आली असती. कुणाला कळलं नसतं. पेन हातात धरून मी किती वेळ बसले होते ते मला पक्कं आठवतं, कारण बाहेर शिपाई घंटा द्यायचा थांबला होता.

मुलाचा पेपर धरला गेला, तो पासही झाला. ड्रॉइंग टीचरला मेमो आला. खुलासा द्यावा लागला, वरून बोलणी बसली. स्टाफरूममध्ये आठवडाभर माझ्या बाकाजवळ कुणी चहा घेतला नाही. मी बरोबर होते. बरोबर असण्याचा इतका कंटाळा मला पुन्हा कधी आला नाही.

आणि ती? दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या पेपरला पुन्हा आम्ही दोघी. मला वाटलं बदलून मागेल. ती आली, पर्स टेबलावर ठेवली नि म्हणाली, ‘आज घड्याळ तू बघ. दार माझ्याकडे.’ मला ते टोमण्यासारखं लागलं. इतकी वर्षं टोमणाच समजत आले.


बुधवार, संध्याकाळी

लेक आज सकाळच्या गाडीनं गेली. जाताना पुढचे भाग माझ्या मोबाईलवर घालून गेली आहे. अजून चारच बघितलेत. मार्टिन सागाच्या बोलण्यावर आता चिडत नाही, मान हलवतो आणि पुढच्या कामाला लागतो. एका प्रसंगात ती कचेरीतच सगळ्यांसमोर शर्ट बदलते आणि बाकीचे नेहमीचंच असल्यासारखे काम करत राहतात. तिथं मला मालमोच्या त्या ऑफिसचा हेवा वाटला. एवढं विचित्र माणूस आणि कुणी त्याला सरळ करायला जात नाही.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा ड्रॉइंग टीचरला फोन लावला. ती आता लेकाकडे मडगावला असते. दोन गुडघ्यांपैकी एक बदललाय, दुसऱ्याचं बघू म्हणते. आधी दहा मिनिटं सोलांवर, म्हणजे कोकमाच्या सालांवर, गेली. यंदा ऐन वाळवायच्या वेळी पाऊस आला, निम्मी काळी पडली, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाव विचारायची सोय नाही. मग मी ते काढलंच. म्हटलं, ‘तो तेरेखोलचा मुलगा आठवतो?’

‘ओल्या चपलांचा? आठवतो की.’

‘मी वेळ लिहिली होती.’

‘हो गो. माहीत आहे. मेमो मलाच आला होता.’ आणि हसली, तेच जुनं, वर्गाबाहेर ऐकू जाणारं हसणं.

मी विचारलं, त्या दिवशी राग नाही आला? ती जरा थांबली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं. मग म्हणाली, ‘आला ना. पण तू लिहिणार हे मला दारातच ठाऊक होतं. म्हणून तर त्याला आत घेतला. तुझ्या जागी दुसरी कोणी लपवणारी असती, तर मला भ्या वाटलं असतं गो. उद्या कोण आणखी काय लपवील, आणि नाव कोणाचं येईल.’

मला पटकन बोलायला सुचेना. तीच म्हणाली, ‘तुझ्याकडे काळी न पडलेली सोलां असतील तर अर्धा किलो ठेव. लेक शनिवारी पेडण्याला येतोय.’

आत्ता डबा काढून बघितला. वरची जरा ओलसर आहेत, खालची चांगली आहेत. उद्या ऊन पडलं तर एकदा वाळवून घेते.