चार इंचांची सुरी

दिवाळीनंतर सह्याद्रीतल्या घाटवाटा आठ दिवस पायी तुडवण्याचा माझ्या भाच्याचा बेत आहे. त्याच्या तयारीसाठी तो परवा घरी आला आणि मोबाईलवर एका सुरीचे छायाचित्र पुढे करून म्हणाला, “मामा, ही मागवू का?” पाते दहा इंचांचे, पाठीवर करवतीसारखे दाते, मूठ पोकळ, मुठीच्या टोपणात होकायंत्र आणि पोकळीत गळ, दोरा व काड्या. मला हसू आले, कारण वीस वर्षांपूर्वी मी जवळपास अशीच सुरी घेतली होती आणि ती पहिल्याच हिवाळ्यात मोडली होती. त्याला तोंडी जे सांगितले, तेच येथे जरा सविस्तर लिहून ठेवतो.

ती मोडली नळदुर्गच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतात. चुलीसाठी बाभळीचा वाळका ओंडका फोडावा म्हणून मी पाते त्यावर आडवे टेकवले आणि पाठीवर लाकडाच्या ठोकळ्याने घाव घालू लागलो. चौथ्या की पाचव्या घावाला पाते लाकडातच राहिले आणि मूठ माझ्या हातात आली. पोकळ मुठीत पात्याचा जेमतेम बोटभर शेपटा एका नटाने आवळलेला होता आणि सगळा ताण त्या सांध्यावर येत होता. घडीच्या चाकूऐवजी अखंड पात्याची सुरी आपण घेतो ती सांधा नको म्हणून. मग तोच सांधा मुठीत लपवून विकत घेण्यात काय अर्थ आहे? म्हणून मी सर्वांत आधी पाते मुठीत कुठवर गेले आहे ते पाहतो. पाते मुठीच्या टोकापर्यंत पूर्ण रुंदीने गेलेले असावे. दोन्ही बाजूंना मुठीच्या फळ्या रिबिटांनी बसवलेल्या असतात आणि त्यांच्या मधून पोलादाची कड दिसते. याला बाजारात ‘फुल टँग’ म्हणतात. स्वीडनमधल्या मोरा गावच्या अनेक स्वस्त सुऱ्यांमध्ये शेपटा मुठीच्या टोकापर्यंत जात नाही आणि तरीही त्या हलक्या कामाला वर्षानुवर्षे टिकतात, हे मान्य. पण मूठ अपारदर्शक असल्याने आत काय आहे ते खरेदी करताना दिसत नाही, आणि अनोळखी माल घेणाऱ्याने दिसेल त्यावरच विश्वास ठेवावा.

त्या दिवशी चूक सुरीची जेवढी होती तेवढीच माझीही होती. बाभूळ ही बैलगाडीच्या चाकाला आणि औताला वापरायची जात; तिच्यावर सुरी चालवणे हा हट्ट होता. सुरीने लाकूड फोडण्याची पद्धत थंड, ओल्या प्रदेशांत रुजलेली आहे. तेथे ओंडका बाहेरून भिजलेला असतो आणि कोरडे लाकूड फक्त गाभ्यात मिळते. आपल्या माळरानावर बोर, बाभूळ, तरवड यांच्या वाळक्या काटक्या पायाखाली येतात. त्या हाताने मोडतात. आपल्याकडे अडचणीत सापडलेल्या माणसाला सुरीच्या आधी पाणी आणि सावली लागते. सुरीला उरतात ती लहान कामे: दोरी कापणे, काटे काढून काठी तासणे, ताडपत्रीसाठी खुंट्या टोकदार करणे, आगपेटी भिजली तर काटकीवर पातळ ढलप्या उभ्या करणे, आणि पडलेल्या माणसाच्या सुजत चाललेल्या पायावरची विजार फाडणे. या सगळ्याला दहा इंच कशाला? ज्याला खरोखरच झाडोरा छाटायचा आहे त्याने ऊसतोडीचा कोयता न्यावा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात त्याहून सिद्ध झालेले हत्यार दुसरे नाही.

माझे माप असे आहे: पाते चार ते पाच इंच, पाठीची जाडी तीन ते चार मिलिमीटर, धार टोकापर्यंत सलग आणि टोक पाठीच्या रेषेपासून थोडेसेच खाली. पाच मिलिमीटरच्या पुढची जाडी मजबूत वाटते, पण अशी सुरी पाचर झालेली असते आणि साधा कांदासुद्धा कापण्याऐवजी फोडते. पाठ मात्र काटकोनी, कडा न घासलेली असावी, म्हणजे फेरो रॉडवर, म्हणजे ठिणग्या पाडण्याच्या धातूच्या कांडीवर, ती ओढून ठिणग्या पाडता येतात आणि धार वाचते. पाठीवरच्या करवतीचे दाते लाकडात अडकतात, कापत काहीच नाहीत, आणि ठिणग्यांसाठी लागणारी ती सरळ कड मात्र घालवतात.

लांबीला कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. भाच्याची दहा इंची सुरी या रेषेच्या नेमकी पलीकडे होती. शिवाय सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे, सोटे, सुरे बाळगण्यास मनाईचे आदेश निघतात. अशा दिवसांत सुरी कमरेला लावून एसटी स्टँडवर जाणारा माणूस आपणहून प्रश्न ओढवून घेतो. ती सॅकच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळून असावी.

याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरीचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे बार्शी रस्त्यावर नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काळवीट पाहायला जाताना माझी सुरी घरीच राहते, चार इंचांची असली तरी. हरिश्चंद्रगडासारखा लोकप्रिय गडही अभयारण्याच्या हद्दीत आहे. भाच्याच्या आठ दिवसांच्या नकाशावर मी पेन्सिलीने प्रथम अशा हद्दी आखून दिल्या आणि मगच सुरीकडे वळलो. त्यातून दोन मुक्काम बदलावे लागले, त्याबद्दल तो अजून थोडा नाराज आहे.

आता पोलाद. निवड ढोबळमानाने दोन घराण्यांत करायची असते: कार्बन स्टील आणि स्टेनलेस. स्टेनलेसमध्ये साधारण तेरा टक्के किंवा अधिक क्रोमियम असते, त्यामुळे गंज उशिरा धरतो. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, ती साध्या निसण्यावर लागते, आणि गारगोटीवर घासले असता त्याच्या ठिणग्या पडतात. त्या ठिणग्या म्हणजे पोलादाचेच सुटलेले, हवेत जळणारे कण असतात. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत अकीक आणि कॅल्सेडनी तयार होतात, त्यामुळे नदीपात्रातल्या गोट्यांत चकमकीजोगा दगड शोधला की सापडतो. जुन्या सुती धोतराचा तुकडा बंद डब्यात कोळसवून घेतला तर त्यावर ठिणगी धरते. मला हे जमायला मात्र दोन रविवार आणि बोटांची बरीच सालटी लागली.

सोलापूरच्या कोरड्या हवेत कार्बन स्टीलची सुरी वर्षभर खुंटीला टांगली तरी फारसे बिघडत नाही. तीच सुरी भाद्रपदात कोकणच्या उतरणीला नेली की एका रात्रीत तांबूस ठिपके धरते. म्हणून मी स्वतः कार्बन स्टील वापरतो आणि भाच्याला स्टेनलेस घ्यायला सांगितले. मला सुरी पुसून तेल लावण्याची सवय आहे, त्याला ओले बूट वाळत घालण्याचीही नाही. तेल शेंगदाण्याचे लावू नये, ते काही दिवसांनी चिकट होते. शिलाई यंत्राचे तेल चांगले, आणि गणवेश शिवणाऱ्या या शहरात ते कोणत्याही पेठेत मिळते. कठीणपणाचा आकडा छापलेला असेल तर रॉकवेल ५६ ते ५९ च्या दरम्यानचा घ्यावा. त्याहून कठीण पात्याची धार जास्त टिकते, पण ती दगडावर आपटली तर टवका उडतो आणि रानात पुन्हा लावता येत नाही.

माझी सध्याची सुरी विकतची नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून ती आमच्याकडच्या एका लोहाराने घडवून दिली. हे पोलाद धारेला योग्य असते, कारण त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन आणि थोडे क्रोमियम असते आणि लवचिकपणा हा तर त्याचा धर्मच आहे. मात्र लाखो हिसके खाल्लेल्या जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, म्हणून कमान दुरुस्तीच्या गॅरेजमधून नव्या पाट्याचा कापलेला तुकडा मिळवावा. पहिले पाते वाया गेले. लोहाराने खुरप्याला देतात तसे पाणी दिले, म्हणजे लाल पाते थेट पाण्यात बुडवले, आणि बारीकसा आवाज झाला. “सर, टिंग् झालं की पातं गेलं म्हणायचं,” असे म्हणून त्यानेच ते बाजूला फेकले. कानशीने घासून पाहिल्यावर केसाएवढी चीर दिसली. दुसऱ्या खेपेला आम्ही पाते लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत तापवले, तसेच आणखी थोडे वर नेले आणि कोमट तेलात बुडवले. कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली. इतके कठीण पाते ठिसूळ असते, त्यामुळे ते मी त्याच संध्याकाळी घरच्या ओव्हनमध्ये सुमारे दोनशे अंशांवर दोन तास, आणि थंड झाल्यावर पुन्हा दोन तास ठेवले. घासलेल्या भागावर गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग चढला की झाले. बायकोने नंतर ओव्हन तीनदा पुसून घेतला.

मुठीचे लाकूड बाभळीचेच आहे. तिच्याशी माझा जुना हिशेब होता. विकत घेणाऱ्याने रबरी मूठ टाळावी असे मी म्हणेन, कारण आपल्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेले स्वस्त रबर चिकट होते आणि सुटते. मिकार्टा नावाचे साहित्य उत्तम. त्यात सुती कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून घट्ट केलेले असतात, आणि चादरींच्या गावात ते परके वाटू नये. मूठ भरीव, थोडी फुगीर असावी आणि पात्याकडच्या बाजूला बोट अडेल असा उंचवटा असावा. घामेजल्या हाताने टोक रेटताना बोटे पुढे घसरून धारेवर येतात. रानातल्या बहुतेक जखमा अशाच आपल्याच सुरीने होतात असे माझे मत आहे.

म्यानाकडे लोक सर्वांत शेवटी पाहतात. सुरी उलटी धरून झटका दिला तरी ती बाहेर येऊ नये, आणि एका हाताने काढताना अंगठा धारेच्या वाटेत येऊ नये, एवढे दुकानातच तपासावे. माझे म्यान एका चप्पल बनवणाऱ्या कारागिराने शिवले आहे. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन ज्या जिल्ह्यांना मिळाले आहे त्यांत सोलापूरही आहे, आणि बाभळीची साल व हिरडा लावून कमावलेले ते जाड कातडे म्यानाला छान बसते. धारेच्या बाजूला कातड्याची एक पट्टी आत घालायला सांगावी, नाहीतर पहिल्याच आठवड्यात शिलाई कापली जाते. घरी ठेवताना सुरी कातड्यात ठेवू नये, कारण कातडे ओल धरून ठेवते.

भाच्याने शेवटी साडेचार इंची, साध्या पात्याची स्टेनलेस सुरी मागवली. ती दहा इंचीपेक्षा दोनशे रुपयांनी महाग पडली आणि दिसायला स्वयंपाकघरातली वाटते, ही त्याची तक्रार आहे. ती येईपर्यंत त्याला माझी सुरी आणि निसणा दिला आहे. रोज संध्याकाळी गच्चीवर तो दोन्ही बाजूंना वीस अंशांचा कोन राखण्याचा प्रयत्न करतो. काल वर्तमानपत्राचा कागद अर्ध्यापर्यंत सरळ कापला गेला आणि पुढे फाटला. धारेचा टोकाकडचा बोटभर भाग तो अजून उचलून घासतो आहे.