आमची वाटचाल : दिवा देण्याआधीचे प्रश्न

घरगुती मत्स्यालयांची देखभाल आणि फिल्टरची दुरुस्ती एवढ्यावरच आमचा व्यवसाय सुरू झाला. काचा घासणे, स्पंज धुऊन बसवणे, ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलणे ही कामे नीट केली की बहुतेक ग्राहक समाधानी असत. हिरव्या पाण्याची तक्रार मात्र या उपायांना दाद देत नसे. पाण्यात तरंगणारे शेवाळ इतके सूक्ष्म असते की ते स्पंजमधून सहज पार होते, आणि पाणी बदलल्यावर उरलेल्या पेशीही उजेड व नायट्रेट मिळताच भराभर वाढतात. या एका तक्रारीपायी आम्ही यूव्ही स्टरिलायझरकडे, म्हणजे पाणी अतिनील (यूव्ही) किरणांच्या दिव्याजवळून नेणाऱ्या उपकरणाकडे, वळलो.

तत्त्व जुनेच आहे. फ्रान्समधील मार्सेय येथे १९१० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी त्याचा वापर झाला होता. सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण पेशीतील डीएनएमध्ये बिघाड घडवतात आणि तिची वाढ खुंटते. ग्राहक येताच किती वॉटचा दिवा घ्यावा हे विचारतात, आम्ही मात्र आधी पंपाचा वेग विचारतो, कारण पाणी दिव्याजवळून किती सावकाश जाते यावर बरेच काही ठरते. शेवाळाला किरणांची थोडी मात्रा पुरते; पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या परजीवीसाठी ती कितीतरी जास्त लागते, आणि तीही केवळ पाण्यात पोहत असलेल्या अवस्थेवरच लागू पडते, माशाच्या अंगात शिरलेल्या परजीवीवर नाही.

विक्रीपेक्षा देखभालीतच आमचे काम अधिक वाढले. दिवा निळसर उजळत राहतो, पण साधारण वर्षभर अखंड चालल्यावर त्याचे उपयुक्त किरण बरेच घटलेले असतात, आणि डोळ्यांना हा फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक उपकरणावर आम्ही दिवा बसवल्याच्या तारखेची चिठ्ठी चिकटवतो. जड पाणी असेल तर आतल्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा पांढरट थर बसतो व किरण अडतात. हा थर व्हिनेगरने निघतो. नळी काढण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे, कारण उघडा दिवा डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो.

अनेकदा आम्ही उपकरण नको असेच सांगतो. काचेला चिकटलेले शेवाळ दिव्यापर्यंत पोहोचतच नाही. लाकडाने पिवळसर झालेल्या पाण्याला सक्रिय कोळसा लागतो, तर तरंगणाऱ्या मातीला बारीक फिल्टर-लोकर. नव्या टाकीतला पांढुरका गढूळपणा बहुधा जिवाणूंचा असतो आणि खाद्य कमी केल्यास काही दिवसांत आपोआप निवळतो. अमोनिया तर यूव्हीने जातच नाही. (फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू स्पंजसारख्या माध्यमाला चिकटून राहतात, त्यामुळे दिव्याने ते मरतील ही भीती अनाठायी आहे.) माशांना औषध चालू असताना दिवा बंद ठेवायला आम्ही आवर्जून सांगतो, कारण काही औषधे या किरणांनी विघटित होतात.

सध्या पाऱ्याविना चालणाऱ्या एलईडीकडे आमचे लक्ष आहे, परंतु तेवढ्याच विजेत पाऱ्याचा दिवा अद्याप अधिक किरण देतो, म्हणून आम्ही तोच बसवतो आणि जुने दिवे कचऱ्यात न टाकता परत आणून देण्याची ग्राहकांना विनंती करतो.